पाली-सरड्यांच्या ग्रंथिस्रावांतील रासायनिक संकेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी आणि पठारांवर भटकंती करणारे निसर्गप्रेमी पाली-सरड्यांविषयी जे प्रश्न सातत्याने विचारतात, त्यांपैकी गंध आणि ग्रंथी यांच्याशी संबंधित प्रश्न येथे एकत्र केले आहेत. या विषयावरचे पुष्कळ महत्त्वाचे प्रयोग युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील जातींवर झालेले आहेत. म्हणून निष्कर्ष जेथे परदेशी जातीचा आहे, तेथे त्या जातीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. तो आपल्या घरातल्या पालीला जसाच्या तसा लावू नये.

१. पाली-सरड्यांच्या मांडीवर गंधाच्या ग्रंथी असतात असे वाचले. त्या नेमक्या कुठे असतात आणि त्यांचे काम काय?

अनेक जातींमध्ये मागच्या पायांच्या मांड्यांवर, खालच्या बाजूला, बारीक छिद्रांची एक ओळ असते. त्यांना मांडीरंध्रे म्हणतात. काही जातींत ही छिद्रे मांडीवर नसून अवस्कराच्या किंचित पुढे असतात, आणि त्यांना अवस्करपूर्व रंध्रे म्हणतात. विष्ठा आणि अंडी ज्या एकाच द्वारातून बाहेर पडतात, ते अवस्कर. प्रत्येक रंध्राखाली त्वचेत रुतलेली एक ग्रंथी असते. तिच्या पेशी द्रव्यांनी भरतात, मरतात आणि स्वतःच स्रावाचा भाग होऊन बाहेर ढकलल्या जातात. त्यामुळे हा स्राव पातळ नसून मेणचट, घट्ट असतो आणि रंध्राच्या तोंडाशी त्याचे लहानसे बूच दिसते. प्राणी चालू लागला की मांडी दगडाला किंवा फांदीला घासते आणि स्रावाचा अतिशय पातळ लेप मागे राहतो. मागून येणारा दुसरा प्राणी जिभेने तो लेप तपासतो. नरांमध्ये या ग्रंथी मोठ्या असतात आणि विणीच्या हंगामात टेस्टोस्टेरॉन वाढले की त्यांचा स्रावही वाढतो.

२. घरातल्या पालीच्या अंगावर ही रंध्रे पाहता येतात का? पाल पकडावी लागते का?

पाल पकडण्याची काहीच गरज नाही. रात्री दिव्याला किडे जमले की पाल खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूने येऊन बसते. अशा वेळी आतून टॉर्च तिरपा धरून पाहिले, तर तिचे पोट, मांड्या आणि शेपटीचे मूळ अगदी स्पष्ट दिसते. नर असेल तर मांड्यांच्या खालच्या बाजूला पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांची ओळ दिसते आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे असतात. मादीच्या मांड्या बिनठिपक्यांच्या असतात, आणि ती गाभण असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसतात.

ओळीच्या ठेवणीवरून जातही ओळखता येते. हेमिडॅक्टायलस फ्रेनॅटस या घरपालीच्या नरात रंध्रांची ओळ एका मांडीवरून निघून अवस्कराच्या पुढून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग जाते आणि रंध्रांची संख्या साधारण तीसच्या आसपास भरते. हेमिडॅक्टायलस फ्लॅव्हिविरिडिस या पिवळट-हिरवट, अंगाने मोठ्या पालीच्या नरात प्रत्येक मांडीवर साधारण पाच ते सात रंध्रे असतात आणि मध्ये मोकळी जागा असते. मोबाइलने काचेतून काढलेला एक नीट छायाचित्र एवढा फरक दाखवायला पुरेसा असतो.

नव्या जातींचे वर्णन करतानाही ही रंध्रे मोजली जातात. चाळकेवाडी परिसरातून २००८ मध्ये वर्णन झालेली आणि साताऱ्याचे नाव मिळालेली हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस, कास पठारावरून २०१४ मध्ये वर्णन झालेली निमास्पिस गिरी, कोयना परिसरातील २०१९ ची निमास्पिस कोयनाएन्सिस, या सर्वांच्या वर्णनांत नराची रंध्रे कुठे आणि किती आहेत, ही नोंद आवर्जून केली जाते.

३. या स्रावात असते तरी काय?

प्रामुख्याने प्रथिने आणि मेद. मेदांच्या भागात कोलेस्टेरॉल आणि त्याच्यासारखी स्टेरॉइडे, लांब साखळीची मेदाम्ले, जड अल्कोहोले, मेण-एस्टरे, स्क्वालीन आणि काही जातींत ई जीवनसत्त्व व ड जीवनसत्त्वाची पूर्वद्रव्ये सापडतात. जातीगणिक हे मिश्रण बदलते, आणि एकाच जातीतील दोन नरांमध्ये घटक तेच असले तरी त्यांचे प्रमाण वेगळे असते. प्रथिनांकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. ती हवेत उडत नाहीत, त्यामुळे जिभेने स्पर्श करणाऱ्यालाच ती समजतात.

४. सरडा किंवा पाल सारखी जीभ बाहेर काढते ती वास घेण्यासाठीच का?

बहुतांशी होय, मात्र हा वास नाकाने घेतलेला नसतो. जिभेच्या टोकाला चिकटलेले रेणू तोंडात आणले जातात आणि टाळूतील दोन बारीक छिद्रांतून जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचतात. तेथून संदेश मेंदूकडे जातो. शिराळ्याच्या भागातील लोकांनी नागाची दुभंगलेली जीभ अनेकदा जवळून पाहिलेली असते. घोरपडीची जीभही तशीच दुभंगलेली असते आणि दोन्ही टोकांवरच्या गंधांची तुलना करून तिला माग कोणत्या दिशेने गेला आहे हे कळते. पालींची जीभ रुंद आणि मांसल असते. त्या जिभेबरोबर नाकाचाही चांगला उपयोग करतात. पाल स्वतःचा डोळा चाटते तेव्हा मात्र ती गंध घेत नसून डोळ्यावरची पारदर्शक कातडी साफ करत असते.

५. एका सरड्याने सोडलेल्या गंधातून दुसऱ्याला कोणती माहिती मिळते?

आपण कल्पना करतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. आपलीच जात आहे की दुसरी, नर आहे की मादी, ओळखीचा आहे की परका, अंगाने मोठा आहे की लहान, प्रकृतीने धडधाकट आहे की अशक्त, एवढे प्रयोगांतून दाखवले गेले आहे.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दगडी भिंतींवर राहणारे लहान सरडे या विषयाच्या अभ्यासात केंद्रस्थानी आहेत. माद्रिदमधील होसे मार्तिन आणि पिलार लोपेस यांनी त्यांच्यावर दीर्घकाळ काम केले आहे. या सरड्यांच्या नरांना शेजारच्या ओळखीच्या नराचा गंध आणि परक्या नराचा गंध यांत फरक करता येतो. हद्द ठरलेल्या शेजाऱ्याशी रोज भांडण्यात दोघांचीही शक्ती वाया जाते, तर परका नर हद्द बळकावू शकतो. म्हणून परक्याच्या गंधाला अधिक तीव्र प्रतिसाद मिळतो. स्रावातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण अंगाने मोठ्या आणि वरचढ नरांत जास्त आढळते, आणि गंधात कोलेस्टेरॉल वाढवले की दुसऱ्या नराची आक्रमकता बदलते. म्हणजे दोन नर समोरासमोर येण्यापूर्वीच, केवळ दगड चाटून, भांडण करायचे की मागे फिरायचे हा निर्णय होऊ शकतो. माझ्या मते या सगळ्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण ज्या प्राण्यांना आपण एकलकोंडे आणि मंद समजतो, त्यांच्यात शेजार, ओळख आणि मान या गोष्टी प्रत्यक्षात पाळल्या जातात हे त्यातून दिसते.

एक मर्यादा येथे सांगायला हवी. गंधाने मिळालेली माहिती आणि डोळ्यांनी पाहिलेली माहिती प्राणी एकत्र वापरतो. या दोहोंत विसंगती आली की काय होते, याचे उदाहरण प्रश्न १७ मध्ये आहे.

६. एखादा दुबळा नर ‘मी बलवान आहे’ असा खोटा गंध सोडू शकत नाही का?

सहजासहजी नाही, आणि त्याचे कारण स्रावातील काही घटकांच्या किमतीत आहे. ई जीवनसत्त्व प्राण्याला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते, आणि पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करण्यासाठी ते शरीराला आतही हवे असते. ते मांडीतून दगडावर पुसून टाकणे ज्याला परवडते, तो नर चांगला पोसलेला असणार. युरोपातील हिरव्या सरड्यांवर, म्हणजे लासेर्टा व्हिरिडिस या जातीवर, झालेल्या प्रयोगांत स्रावात ई जीवनसत्त्व अधिक असलेल्या नरांच्या गंधाकडे माद्यांचा ओढा जास्त दिसला.

ड जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्याचेही तसेच. ड जीवनसत्त्व रोगप्रतिकारशक्तीसाठी लागते. स्पेन-पोर्तुगालच्या इबेरियन भिंत-सरड्यांच्या नरांची प्रतिकारयंत्रणा कृत्रिमरीत्या चेतवली, म्हणजे शरीराला संसर्ग झाल्याचा भास निर्माण केला, तेव्हा त्यांच्या स्रावातील हे पूर्वद्रव्य घटले आणि माद्यांना त्यांचा गंध कमी आकर्षक वाटला. मध्य स्पेनच्या डोंगरांवरील इबेरोलासेर्टा सिरेनी या जातीत ओलेइक आम्लाचा संबंध अंगातील चरबीच्या साठ्याशी आहे, आणि गंधखुणांत ओलेइक आम्ल वाढवलेल्या जागा माद्यांनी पसंत केल्या. पोटात नसलेले दगडावर आणता येत नाही, म्हणून हा गंध बव्हंशी प्रामाणिक राहतो.

७. माद्यांना या ग्रंथी अजिबात नसतात का?

जातीवर अवलंबून आहे. घरपालीच्या मादीत रंध्रे नसतात. लासेर्टिड कुळातील, म्हणजे वर आलेल्या युरोपी सरड्यांच्या कुळातील, अनेक जातींत मादीलाही मांडीरंध्रे असतात, परंतु ती लहान असतात आणि त्यांतून स्राव फारसा येत नाही. सातारच्या पठारांवर गवत आणि खडकांच्या मधून वेगाने पळणारी ऑफिसॉप्स ही सापासारख्या डोळ्यांची सडपातळ सरडी याच कुळातली आहे. मादीचा गंध बहुधा त्वचेतून आणि अवस्कराजवळच्या ग्रंथींतून येतो. त्याविषयी प्रश्न १० आणि १६ पाहावेत.

८. चैत्र-वैशाखात कातळ एवढा तापतो आणि नंतर चार महिने पाऊस कोसळतो. मग पठारावर हा गंध टिकतो कसा?

गंध टिकणे हे रेणूच्या वजनावर, जागेवर आणि तापमानावर अवलंबून असते. हलके रेणू लवकर उडून जातात, जड रेणू मागे राहतात. लासेर्टिड कुळातील ६४ जातींची तुलना करणाऱ्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, कोरड्या व उष्ण प्रदेशांतील जातींच्या स्रावात टिकाऊ मेदाम्ल-एस्टरे आणि जड अल्कोहोले जास्त असतात, तर दमट प्रदेशांतील जातींच्या स्रावात अल्डिहाइडे आणि हलकी अल्कोहोले जास्त असतात. म्हणजे हवामानाप्रमाणे मिश्रणही घडत गेले आहे.

अमेरिकेच्या वाळवंटातील डेझर्ट इग्वाना हे याचे टोकाचे उदाहरण आहे. तिथल्या उन्हात उडून जाणारा गंध काहीच कामाचा नाही. तिचा स्राव जवळजवळ न उडणारा आहे, पण त्यामुळे तो दुरून वासाने सापडतही नाही. ॲलिसन अल्बर्ट्स यांनी दाखवले की हा स्राव अतिनील किरण शोषतो आणि या इग्वानांच्या डोळ्यांना अतिनील प्रकाश जाणवतो. म्हणजे खूण आधी डोळ्यांनी शोधायची आणि मग जिभेने वाचायची, अशी सोय असावी.

तापमान वाढले की या व्यवस्थेला धक्का बसतो. वर उल्लेखलेल्या इबेरोलासेर्टा सिरेनीच्या गंधखुणा अधिक तापलेल्या पृष्ठभागावर ठेवल्या असता माद्यांना त्या ओळखणे कठीण गेले. आपल्या जांभ्याच्या पठारांपुरते बोलायचे तर, गंध टिकण्यास सर्वांत अनुकूल जागा म्हणजे कपारीच्या आतली आणि दगडाच्या खालची बाजू, जेथे ऊनही पोचत नाही आणि पावसाची धारही. म्हणूनच पठारावरचे दगड विनाकारण उलटू नयेत, आणि उलटलाच तर तो त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवावा, असे आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. दगड पालथा पडला की खालची ओल जाते, आसरा जातो आणि त्यावरच्या गंधखुणाही उन्हात पडतात.

९. चाळकेवाडीला गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडणारा सरडा दिसतो. त्याचा गंध कसा असतो?

हा सरडा म्हणजे सारडा सुपर्बा. २०१६ मध्ये या जातीचे वर्णन झाले. त्याला मांडीरंध्रेही नाहीत आणि अवस्करपूर्व रंध्रेही नाहीत. बागेत दिसणाऱ्या नेहमीच्या सरड्यांनाही, म्हणजे कॅलोटेस प्रजातीला, ती नसतात. हे सर्व अगामिड कुळातले प्राणी असून उघड्यावर बसून रंग, मान हलवणे आणि गळा फुगवणे यांनी एकमेकांशी व्यवहार करतात. उघड्या पठारावर उंच दगडावर बसलेल्या नराचा पंखा लांबून दिसतो, तेथे रंगाचा उपयोग गंधापेक्षा जास्त होतो.

मात्र ‘अगामिड म्हणजे ग्रंथी नाहीत’ असा नियम करू नये. कच्छ आणि राजस्थानातील सांडा याच कुळातला आहे आणि त्याला रंध्रे असतात.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या परिसरात झालेला २०१८ चा अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली, आणि तिथल्या नरांचे रंग फिके पडले. रंगाचा संकेतही परिस्थितीनुसार बदलतो, हे आपल्याच जिल्ह्यात दिसून आले आहे.

१०. सापसुरळी आणि घोरपड यांना मांडीवर छिद्रे दिसत नाहीत. मग ती गंध वापरत नाहीत का?

वापरतात, फक्त वेगळ्या वाटेने. सापसुरळ्यांना मांडीरंध्रे नसतात. त्यांचा गंध अवस्कराजवळच्या ग्रंथींतून आणि त्वचेतून येतो. अमेरिकेतील रुंद डोक्याच्या सापसुरळीचे नर मादीच्या अवस्करग्रंथींच्या गंधावरून तिचा माग काढत जातात. ऑस्ट्रेलियातील एगर्निया स्टोकेसी ही सापसुरळी कुटुंबाने एकत्र राहते आणि आपल्या गटाची विष्ठा व परक्यांची विष्ठा गंधावरून वेगळी ओळखते. घोरपडीलाही मांडीरंध्रे नसतात, परंतु तिची जीभ आणि जेकबसनचे इंद्रिय अत्यंत विकसित आहेत.

११. हा स्राव विषारी असतो का? पाल अन्नात पडली तर विषबाधा होते ती यामुळेच का?

नाही. या ग्रंथी विषग्रंथी नाहीत, आणि भारतातील कोणतीही पाल विषारी नाही. पाल अंगावरून गेल्याने किंवा ‘मुतल्याने’ कोड फुटते, या समजालाही काही आधार नाही. तरीही पाल पडलेले अन्न टाकूनच द्यावे, कारण पालींच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि त्यांमुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात. पाल हाताळली गेल्यास साबणाने हात धुवावेत.

१२. पाल भिंतीला चिकटते ती या स्रावामुळे का?

नाही. पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म रोमांची दाट गादी असते आणि रोम व भिंत यांच्या रेणूंमधील क्षीण आकर्षणामुळे (व्हॅन डर वाल्स आकर्षण) ती धरून राहते. त्यात कोणताही चिकट पदार्थ नसतो.

१३. वांग्यातील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी किंवा घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावतो, तसे पालींसाठी मिळतील का?

हा प्रश्न सांगलीकडच्या शेतकऱ्यांकडून नेहमी येतो आणि तो अगदी तर्कशुद्ध आहे. पतंगाच्या मादीचा कामगंध हा मोजक्या, हलक्या, हवेत पसरणाऱ्या द्रव्यांचा असतो आणि नर त्याच्या मागावर लांबून उडत येतो. म्हणून एक लहानशी गोळी सापळ्यात पुरते. पालींचा मांडीस्राव जड असतो, बहुतांश जिभेच्या स्पर्शानेच कळतो, अनेक घटकांचा असतो आणि प्रत्येक नराचा थोडा वेगळा असतो. त्याने पाल खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओढली जाणार नाही. शिवाय नराचा गंध दुसऱ्या नराला दूरही ठेवू शकतो (प्रश्न ५). पाल घरातले डास, झुरळे आणि पतंग खाते, तेव्हा तिला घरातून काढण्याची घाई करू नये असे आमचे मत आहे.

१४. बाजारात मिळणारे सांड्याचे तेल आणि ‘हत्ताजोडी’ यांचा या ग्रंथींशी संबंध आहे का?

काहीही संबंध नाही. सांड्याचे तेल म्हणून जे विकले जाते ते प्राणी मारून त्याच्या शेपटीकडच्या चरबीपासून काढलेले असते. हत्ताजोडी ही वनस्पतीची मुळी आहे असे सांगितले जाते; प्रत्यक्षात ते घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तिचा कोणताही अवयव बाळगणे किंवा विकणे हा गंभीर गुन्हा आहे. असा प्रकार दिसल्यास वन विभागाला कळवावे.

१५. गंधाने काय कळले, हे शास्त्रज्ञ प्राण्याकडून कसे ‘वदवून’ घेतात?

नराच्या रंध्राभोवती हलकासा दाब दिला की स्रावाचा मेणचट कण बाहेर येतो. तो काचेच्या कुपीत थंड ठेवून गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांनी त्यातील घटक वेगळे करून ओळखले जातात. नंतर वर्तनाची परीक्षा होते. कापसाच्या बोळ्याला स्राव लावून तो दुसऱ्या प्राण्याच्या नाकासमोर धरतात आणि ठरावीक वेळात जीभ किती वेळा बाहेर आली ते मोजतात. तुलनेसाठी एक बोळा नुसत्या पाण्याचा आणि एक अत्तराचा असतो. अत्तराचा बोळा फार महत्त्वाचा आहे, कारण त्यावरून प्राणी केवळ उग्र वासाने चकित झाला की त्याला खरोखर ओळख पटली, हे वेगळे करता येते. आपल्याकडे असा अभ्यास जंगलात किंवा अभयारण्यात करायचा तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. हौस म्हणून पाल पकडून तिच्या मांड्या दाबणे पूर्णपणे गैर आहे.

१६. मादीवर नराने हल्ला केल्याचे कधी दिसते, ते कसे? नराला मादी ओळखता येत नाही का?

बिबट्या पालीवरील एका प्रसिद्ध प्रयोगात याचे उत्तर मिळते. यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस या जातीत नर मादीला तिच्या त्वचेवरील मेदद्रव्यांवरून ओळखतो. मादी कात टाकत असताना हा गंध बदलतो. मेसन आणि गट्झके यांनी १९९० मध्ये दाखवले की कात टाकणाऱ्या मादीवर नर प्रतिस्पर्धी नरासारखा हल्ला करतो आणि कात टाकून झाल्यावर त्याच मादीशी प्रणयाराधन करतो. मादी तीच, रूप तेच, अंतर केवळ त्वचेवरच्या गंधाचे. पश्चिम महाराष्ट्रात आढळणारी यूब्लेफॅरिस फस्कस ही तिची जवळची नातलग आहे. तिला विषारी समजून ठेचले जाते, पण ती पूर्णतः निरुपद्रवी आहे.

१७. नर मादीचे सोंग घेऊन दुसऱ्या नराला फसवू शकतो का?

डोळ्यांना फसवू शकतो, जिभेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील ऑग्रबीज भागातील चपट्या सरड्यांमध्ये, प्लॅटिसॉरस ब्रॉडलेयी या जातीत, वयात आलेले काही तरुण नर नराचे भडक रंग अंगावर येऊ देत नाहीत आणि मादीसारखेच तपकिरी दिसत राहतात. त्यामुळे वरचढ नरांच्या हद्दीत त्यांना मार न खाता फिरता येते आणि माद्यांच्या जवळ पोचता येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी त्वचेवरचा गंध काढून दुसराच गंध लावून पाहिला. सोंगाड्या नराला मादीचा गंध लावला, तेव्हा वरचढ नरांनी त्याला मादी समजून त्याच्याशी प्रणयाराधन केले. गंध नराचा ठेवला, तेव्हा जीभ लागताच सोंग उघडे पडले. रंग लपवणे या तरुण नरांना साधले आहे, गंध लपवणे साधलेले नाही. म्हणून ते वरचढ नराला आपल्या अंगाला जीभ लावता येईल एवढे जवळ येऊ देत नाहीत आणि तो सरकला की आपणही तेवढेच दूर सरकतात.